सुधारणा शून्य

नोकरीच्या पहिल्या दिवशी तिला शिकवलेली पहिली गोष्ट ही, की हृदय बंद पडणं हे मरणाचं कारण नव्हे.

"सगळ्यांचंच बंद पडतं गं," मावशी म्हणाल्या होत्या. "माझंही पडेल एक दिवस. म्हणून काय आत्ताच कोड टाकून मोकळी होतेस?"

मावशी तिच्या कुणी लागत नव्हत्या. बत्तीस वर्षं एकाच खुर्चीत बसलेल्या त्या सगळ्यात जुन्या कोडर, आणि साहेबांपासून शिपायापर्यंत सगळे त्यांना मावशीच म्हणायचे. कार्यालय मृत्यूच्या आकडेवारीचं. शहरात कुणी गेलं, की डॉक्टरने भरलेला दाखला फिरत फिरत या तिसऱ्या मजल्यावर यायचा आणि लांबट खोलीतल्या वीस टेबलांपैकी एकावर पडायचा. एकेका टेबलाकडे शहराचा एकेक विभाग. तिच्या वाट्याला सतरावा आला होता. ती राहायचीही सतराव्यातच, पण त्यात विशेष काही नव्हतं. तिच्याआधीची कोडर निवृत्त झाली होती, एवढंच.

काम वरवर सोपं. दाखल्यावर डॉक्टरने 'हृदयक्रिया बंद' लिहिलं, तर तो त्याचा आळस समजायचा. खालची ओळ वाचायची, मग तिच्याही खालची, आणि सगळ्याच्या मुळाशी जे सापडेल, तुंबलेली रक्तवाहिनी किंवा निकामी झडप, त्याला कोड, म्हणजे त्या आजाराचा ठरलेला आकडा, द्यायचा.

"आणि काहीच लिहिलेलं नसेल तर?" तिने विचारलं होतं.

"तर नऊ. वय माहीत नाही, नऊ-नऊ-नऊ. धंदा माहीत नाही, नऊ-नऊ. पण जपून वापर हो. नवाच्या मागेही कुणीतरी असतोच. आपल्याला माहीत नाही, एवढंच."

तिने ते वहीत लिहून घेतलं. ती सगळंच वहीत लिहायची. संख्याशास्त्रात पहिल्या वर्गात पास झालेली, तेवीस वर्षांची मुलगी. मोजता येत नाही त्या गोष्टीवर विश्वास ठेवायला ती सहसा तयार नसे, आणि मोजता येते ती गोष्ट दोनदा मोजल्याशिवाय तिला चैन पडत नसे. बाबा तिला आकडेबाई म्हणायचे ते उगीच नव्हे.

इमारतीच्या दारात शिरलं की समोरच्या भिंतीवर काचेमागे एक भलामोठा आलेख होता. देशातले हृदयविकाराचे मृत्यू, चाळीस वर्षांचे. लाल रेघ डावीकडे वरच्या कोपऱ्यातून निघायची आणि उजवीकडे हळूहळू उतरत यायची. सरळ नाही, पण जवळजवळ. पाहुणे आले की साहेब त्यांना आधी त्या आलेखासमोर उभं करत. नवी औषधं, नव्या शस्त्रक्रिया, बिडी-सिगारेट सुटलेली माणसं, सगळं त्या एका रेघेत होतं. तिलाही ती रेघ आवडायची. दोन वर्षांपूर्वी बाबांना झटका आला, स्टेंट बसला आणि पाचव्या दिवशी ते घरी येऊन चहात साखर कमी पडली म्हणून भांडले. त्या रेघेच्या उतारात आपला एक कण आहे, असं तिला वाटायचं.

मावशी मात्र आलेखाकडे न बघता जिना चढायच्या. "रेघ खाली जाते म्हणून सगळे खूश," त्या एकदा म्हणाल्या. "रेघेला खाली कोण ओढतंय, हे नाही कुणी विचारत."

तिला वाटलं, विनोद असेल.

*

कार्यालयाची एक जुनी रीत होती. दर तिमाहीचं पत्रक तिमाही संपल्याच्या दुसऱ्याच दिवशी बाहेर पडलं पाहिजे, असा कुण्या जुन्या साहेबांचा हट्ट होता. साहेब गेले, हट्ट राहिला. पण पत्रक छापायला पंधरा दिवस आधी द्यावं लागे, आणि शेवटच्या पंधरवड्यातली माणसं तोवर मेलेलीच नसायची. त्यांच्या जागी भरणी करायची.

त्यासाठी एक जुनाट प्रोग्रॅम होता. मागच्या वर्षीचा त्याच पंधरवड्याचा आकडा घ्यायचा, देशाच्या उताराप्रमाणे थोडा कमी करायचा, आणि तेवढ्या ओळी काढायच्या. प्रत्येक ओळीत वय, पुरुष की स्त्री, धंदा, तारीख, कारण. नाव नसायचं. पुढे खरे दाखले आले की एकेक दाखला नोंदवायचा आणि भरणीची एकेक ओळ काढून टाकायची. जो फरक उरेल तो पुढच्या पत्रकाच्या तळाला बारीक अक्षरात छापायचा. त्या फरकाला म्हणायचे 'सुधारणा'.

बाकीच्या आजारांत सुधारणा वरखाली व्हायची. कधी सात जास्त, कधी चार कमी. हृदयाच्या रकान्यात शून्य होतं.

नोकरीला सहा महिने झाल्यावर तिचं त्याकडे लक्ष गेलं. तिने जुनी पत्रकं काढली. मागची तिमाही शून्य. त्याच्या मागची शून्य. अकरा तिमाह्या तिने उलटल्या आणि मग थांबली, कारण कागदाच्या धुळीने शिंका यायला लागल्या होत्या.

तेवीस मृत्यू होतील असा अंदाज केला, तर प्रत्यक्षात पाचएक इकडेतिकडे व्हायलाच हवेत. अंदाज कितीही चांगला असो, जगाला तेवढी सैल चाल लागतेच. नेमके तेवीस निघण्याची शक्यता बारातली एक. तीही अकरा वेळा लागोपाठ. वहीत तिने अपूर्णांक मांडला, आणि छेद कागदाच्या कडेपर्यंत गेला.

ती साहेबांकडे गेली. साहेब भले होते. त्यांनी चष्मा वर सरकवला.

"शून्य म्हणजे आपलं काम चोख. यात शोधायचं काय?"

"पण सर, इतकं चोख असू शकत नाही."

"असू शकत नाही, तरी आहे ना?" साहेब हसले. "बाकीच्या रकान्यांचं बघा जरा. तिथे बोंब आहे."

तिचा तर्क साधा होता. कुणीतरी कामचुकारपणा करतंय. खरे दाखले आले की ते नोंदवण्याऐवजी भरणीच्याच ओळी खऱ्या म्हणून पुढे ढकलल्या जात असणार. हे सिद्ध करायचं, तर भरणी दाखल्यांच्या आधी बंद करून ठेवायला हवी. तिने आपल्या विभागाच्या हृदयविकाराच्या तेवीस ओळी छापल्या, पाकिटात घातल्या आणि संध्याकाळी बाबांसमोर धरल्या.

*

बाबा वजनकाटे दुरुस्त करायचे. खाली दुकान, वर दोन खोल्यांचं घर. आई गेल्याला सहा वर्षं झाली होती, आणि तेव्हापासून दुकान जिना चढून थोडं थोडं घरात आलं होतं. खिडकीत पितळी वजनं, ओट्यावर स्प्रिंगा, आणि दिवाणाखाली शिशाच्या सीलांची पेटी. इलेक्ट्रॉनिक काट्यांनी धंदा बसवला होता, तरी जुने मोठे काटे अजून त्यांच्याकडेच यायचे. माणूस उभा राहील एवढ्या पाट्याचे, गोल तबकडीचे. दुरुस्त झाला की बाबा स्वतः त्यावर चढायचे.

"बहात्तर," ते म्हणायचे. "वीस वर्षं झाली, एक किलो इकडचं तिकडे नाही. माझ्याइतकं खात्रीचं माप सरकारकडेसुद्धा नसेल."

आणि खरंच, काटा बहात्तरवर थांबायचा.

"बाबा, या पाकिटाला तुमचं सील मारून द्या."

"काय आहे आत? प्रेमपत्र?"

"आकडे."

"मग प्रेमपत्रच की, आकडेबाई." बाबांनी तार ओवली, शिशाची गोळी पक्कडीत दाबली आणि पाकीट प्रमाणवजनांच्या कप्प्यात ठेवलं. कशासाठी, ते त्यांनी विचारलं नाही. सील मारलेली गोष्ट उघडायची नसते आणि विचारायची नसते, हा त्यांच्या धंद्याचा शिरस्ता.

तिमाही संपली. तीन आठवड्यांनी दाखल्यांचा गठ्ठा आला. तिने कुणाला हात लावू दिला नाही. खरे दाखले, खऱ्या सह्या, डॉक्टरांची खरी गिचमिड अक्षरं. दोन-तीन डॉक्टरांना तिने फोनही केला. माणसं खरोखर गेली होती. तिने गठ्ठा घरी न नेता यादी उतरवून नेली आणि जेवणाआधी पाकीट फोडलं.

स्त्री, सत्तर, शिवणकाम, सतरा तारीख. होती.

पुरुष, एकोणपन्नास, शिक्षक, एकोणीस तारीख. होता.

पुरुष, अडुसष्ट, काचेचे डोळे बनवणारा, तेवीस तारीख.

हाही होता.

तेवीसच्या तेवीस. बाबांनी दोनदा जेवायला हाक मारली. तिला पहिली ऐकूच आली नाही.

नंतर तिने प्रोग्रॅम वाचून काढला. दोनशे ओळींचा होता. त्यात काहीच नव्हतं. सोडतीसारखे आकडे काढायचे आणि आधीच्या दहा वर्षांतल्या मृतांमधून वय, धंदे उचलायचे. दहा वर्षांच्या नोंदीत काचेचे डोळे बनवणारा एकही नव्हता.

*

पुढच्या तिमाहीच्या शेवटच्या महिन्यात, पंधरा तारखेला, सकाळी अकराच्या सुमारास, तिने सतराव्या विभागाची भरणी काढली. मागच्या वर्षी तेवीस होते, यंदा बावीस. देशाच्या उताराने एक माणूस वाचला होता. तो कोण, ते त्याला कधीच कळणार नव्हतं.

एकोणिसावी ओळ.

पुरुष. त्रेसष्ट. वजनकाटे दुरुस्ती. अठ्ठावीस तारीख. हृदयविकाराचा तीव्र झटका. झटक्यापासून मृत्यूपर्यंतचा अवधी: चाळीस मिनिटं.

बाबांना मागच्या महिन्यात त्रेसष्ट पूर्ण झाली होती.

ती उठली आणि पाणी प्यायली. मग वजनमापांच्या कार्यालयात फोन लावला, सतराव्या विभागात वजनकाटे दुरुस्तीचे परवाने किती आहेत म्हणून. पलीकडच्या माणसाने पानं चाळल्याचा आवाज आला.

"एक," तो म्हणाला. "का हो?"

त्याच संध्याकाळी ती बाबांना हृदयाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. बाबा वाटभर कुरकुरले. कार्डिओग्राम झाला, सोनोग्राफी झाली, पट्ट्यावर चालवून झालं. डॉक्टरांनी रिपोर्ट पुढे सरकवला.

"स्टेंट धरूनसुद्धा तुमच्या वडिलांचं हृदय माझ्यापेक्षा बरं आहे. कशासाठी घाबरलाय तुम्ही?"

सांगितलं असतं तर त्यांनी पुढचा कार्डिओग्राम तिचाच काढला असता.

"ठेवून घेता येईल का? पंधरा दिवस? फक्त अठ्ठावीस तारखेपर्यंत?"

"धडधाकट माणसाला?" डॉक्टर म्हणाले.

बाबा परतताना खुशीत होते. "बघ, तुझ्या डॉक्टरपेक्षा बरं. त्यालाच गोळ्या चालू कर."

*

दुसऱ्या दिवशी तिने मावशींना जिन्यात गाठलं. खिडकीतून खालची गाड्यांची रांग दिसत होती. तिने काही सांगायच्या आधीच मावशींनी तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि हातातला कप कठड्यावर ठेवला.

"कितवी ओळ?"

"एकोणिसावी."

"कोण?"

"बाबा."

"आमच्या ह्यांची सातवी होती," मावशी म्हणाल्या. "चौदा वर्षं झाली."

"मग तुम्ही काय केलंत?"

"रजा टाकली. दहा दिवस घरी बसून त्यांच्या आवडीचं करून घातलं. कधी नव्हे ते भांडले नाही. ते म्हणाले, हिला काय झालंय."

"ओळ का नाही पुसली?"

"एकाने पुसली होती, माझ्या आधी. बायकोची." मावशींनी कप उचलला, पण प्यायल्या नाहीत. "बायको राहिली. बेरीज जुळायला लागते ना गं. त्याने जागा भरायची म्हणून मनाला येईल ते लिहिलं. मुलगी, चार वर्षं. चार वर्षांच्या मुलीला कधी हृदयविकार होतो का, म्हणून लिहिलं बिचाऱ्याने."

"आणि?"

"झाला," मावशी म्हणाल्या. "हात लावू नकोस भरणीला. घरी जा. त्यांच्याजवळ बस."

ती घरी गेली नाही. टेबलाशी परत आली. बाकीच्या टेबलांवर सगळे मान खाली घालून दाखले वाचत होते, आणि ट्यूबलाइटचा आवाज एका सुरात चालू होता.

तिने एकोणिसावी ओळ पुसली.

प्रोग्रॅमने पत्रक बंद करायला नकार दिला. अपेक्षित बावीस, नोंदी एकवीस.

एक ओळ भरायची होती. फक्त एक. स्त्री, सत्त्याण्णव, तिने टाइप केलं. सत्त्याण्णव वर्षांचं माणूस तसंही किती दिवस राहणार? मग तिला समोरच्या गच्चीतल्या आजी आठवल्या. रोज सकाळी झाडांना पाणी घालताना त्या बाबांना वरून ओरडून वेळ विचारायच्या, कारण त्यांना घड्याळ दिसायचं नाही. तिने ओळ पुसली. पुरुष, पंचेचाळीस. पंचेचाळीस वर्षांच्या पुरुषांना मुलं असतात. पुसलं. कैदी? भिकारी? ती कुठलंही वय घालायची आणि त्या वयाचं कुणीतरी तिला लगेच दिसायचं. दुपारचे दोन वाजले. साहेबांनी लांबून विचारलं, "सतरा अजून बंद नाही झाला?"

आणि तेव्हा तिला नऊ आठवले.

वय: नऊ-नऊ-नऊ. धंदा: नऊ-नऊ. जे माणूसच नाही, ते मरणार कसं? लिंग आणि तारीख या दोन रकान्यांना नऊ चालत नव्हते. ते तिने होते तसेच ठेवले. बदलले असते तर उगीच कुणाच्या तरी वाट्याला गेले असते.

पत्रक बंद झालं.

*

तरीही अठ्ठावीस तारखेला तिने रजा घेतली. बाबांच्या शर्टाच्या खिशात एक छोटी पत्र्याची डबी ठेवली. आत गोळ्या, वर शाईच्या पेनाने लिहिलेलं: जिभेखाली. निळा शर्ट होता. दुकान बंद ठेवा म्हणून तिने हातापाया पडून सांगितलं, पण गोदामाचा मोठा काटा द्यायचा होता आणि बाबा ऐकेनात. मग तीच खाली दुकानात खुर्ची टाकून बसली, रक्तदाबाचं मशीन मांडीवर घेऊन.

दहा वाजता एकशे अठ्ठावीस, ब्याऐंशी. एक वाजता एकशे तीस, ऐंशी.

"अगं, दंडाला वळ उठले माझ्या," बाबा म्हणाले. "काय पहारा देतेस? पळून नाही जात."

"गप्प बसा हो."

"आई तुझी अशीच बघायची. मी बाजारात निघालो तरी."

तेरा रात्री ती धड झोपली नव्हती. दुपारी ऊन दुकानाच्या उंबऱ्यापर्यंत आलं, बाबा पाठमोरे बसून कानशीने काहीतरी घासत होते, आणि त्या आवाजावर तिचे डोळे मिटले. मिटताना भिंतीवरच्या घड्याळात तीन वाजून दहा मिनिटं झाली होती.

उघडले तेव्हा पावणेचार होऊन गेले होते. चाराला दहा कमी.

कानशीचा आवाज नव्हता.

"बाबा!"

"हं." बाबा दाराशी उभे होते, बाहेर बघत.

"ठीक आहात ना?"

"मला काय धाड भरलीय?"

रस्त्यावर दहा-बारा माणसं पांगत होती. एक अँब्युलन्स कोपऱ्यावर वळली, सायरन न वाजवता.

"कुणीतरी पडलं इथे पायरीवर," बाबा म्हणाले. "कोण होतं कुणास ठाऊक. ओळखीचं नाही वाटलं."

तिच्या मनात पहिल्यांदा जे आलं त्याची तिला नंतर आयुष्यभर लाज वाटणार होती. कुणीतरी दुसरं, तिला वाटलं. दुसरं कुणीतरी. तिने बाबांना मिठी मारली आणि रडायला लागली. बाबा गोंधळून तिच्या पाठीवर थोपटत राहिले. त्यांचा हात इतका हलका होता की तो पाठीवर आहे की नाही ते तिला कळत नव्हतं.

संध्याकाळी मशीनने आकडा दाखवलाच नाही. नुसती एक चूक दाखवणारी खूण. तिने बॅटरी बदलली, पुन्हा लावलं, पुन्हा तीच खूण. ती हसली आणि मशीन खोक्यात घालून कपाटावर टाकून दिलं. आता त्याची गरज नव्हती.

"डबी कुठाय तुमची?"

बाबांनी खिसा चाचपला. "पडली वाटतं कुठेतरी."

*

पुढचे तीन आठवडे ती मजेत होती. बाबांचं जेवण कमी झालं होतं. खाल्लेलं पोटात गेल्यासारखंच वाटत नाही, ते म्हणायचे. गिऱ्हाइकंही रोडावली होती. "कमाल आहे," एकदा बाबा बाहेरून येऊन म्हणाले. "वाण्याने मला विचारलं, काय पाहिजे काका, नवीन राहायला आलात का? वीस वर्षं त्याचा काटा मी लावतोय! मी म्हटलं, हो, कालच आलो." ते हसले. तीही हसली. गच्चीतल्या आजी आजकाल वेळ विचारत नव्हत्या.

मग दाखले आले.

एकवीस जुळले. बाविसावा गठ्ठ्याच्या तळाशी होता.

नाव: माहीत नाही. वय: माहीत नाही. धंदा: माहीत नाही. पुरुष. अठ्ठावीस तारीख, दुपारी तीन पन्नास. ठिकाण: विभाग सतरा, वजनकाट्यांच्या दुकानाची पायरी. हृदयविकाराचा तीव्र झटका. अवधी: चाळीस मिनिटं.

खाली डॉक्टरने नेटक्या अक्षरात शेरा लिहिला होता. असं अक्षर तिच्या टेबलावर क्वचितच यायचं.

अंगात निळा शर्ट. उजव्या हाताच्या बोटांना शिशाचे डाग. खिशात पत्र्याची लहान डबी, त्यावर शाईने 'जिभेखाली'. गोळ्या वापरलेल्या नाहीत. आजूबाजूला चौकशी केली, कुणीही ओळखलं नाही. दहा दिवस वाट पाहून अंत्यसंस्कार केले.

तिने तो शेरा तीनदा वाचला.

"जुळलं?" मावशींनी शेजारच्या टेबलावरून विचारलं.

प्रोग्रॅम शेवटच्या नोंदीसाठी थांबला होता. नोंदवला तर शून्य. नाही नोंदवला तर एक. इतक्या वर्षांत पहिल्यांदा एक. अजून कागदच तर आहे, तिला वाटलं. अजून कुठे नोंद झालीय? तिने दाखला चौघडी करून पर्समध्ये घातला.

मावशींनी ते पाहिलं. "घरी नेऊ नये गं दाखला," त्या हळूच म्हणाल्या.

ती तोवर दाराबाहेर पडली होती. खालच्या आलेखापुढून जाताना तिने मान वर केली नाही.

घरी पोचली तेव्हा सहा वाजले होते. दुकान उघडं होतं, दिवा लागलेला. बाबा मोठ्या काट्यापाशी उकिडवे बसले होते. पाट्याखालचे सगळे स्क्रू त्यांनी काढून फडक्यावर ओळीने मांडले होते, आणि पुन्हा बसवत होते.

"आलीस? बरं झालं. जरा इकडे ये, आकडेबाई. तीन दिवस झाले, या काट्याने जीव खाल्लाय माझा."

"काय झालं?"

"तू चढ आधी."

तिने पर्स खाली ठेवली आणि पाट्यावर चढली. तबकडीवरचा काटा सरकला, थरथरला, चोपन्नवर थांबला.

"चोपन्न. बरोबर?"

"बरोबर."

"उतर. आता बघ."

बाबांनी चपला काढल्या. नेहमीसारखा हात कमरेवर ठेवला आणि दोन्ही पाय पाट्यावर टेकवून ताठ उभे राहिले.

ती तबकडीकडे बघत राहिली.

"बघितलंस?" बाबा म्हणाले. त्यांनी जागच्या जागी एक उडी मारून दाखवली. पाट्याचा आवाज झाला नाही. "मी चढलो तरी तेच, उतरलो तरी तेच."

काटा शून्यावर होता.

"स्प्रिंगच गेली असणार," बाबा म्हणाले, आणि खाली उतरून त्यांनी पुन्हा पाना हातात घेतला.